उलटी पाटी

घशाचं ऑपरेशन झालं आणि अप्पांचा आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. जत्रेत ग्रामदेवतेसमोर गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. यंदा ते धाकट्या भावानं, भाईकाकांनी घालावं, असं अप्पांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि ओसरीवर गप्प बसून राहिले. ते गप्प बसणं त्यांच्या लेकीला, सुनीतीला बघवेना.

सुनीती रेडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. जत्रेत धोंडू मांडववाल्याचा भाड्याचा कर्णा असायचा, पण त्यातून अप्पांची कुजबूज काही ऐकू येणार नव्हती. माईक आणि कर्णा यांच्यामध्ये आवाज वाढवणारी छोटी पेटी बसवायची, असं तिनं मनात घेतलं. पेटीचा नकाशा मासिकात होता, तांबं चढवलेली पाटी मुंबईच्या मावसभावानं आणून दिली होती, तीही एकच. आता नकाशातल्या रेघा तांब्यावर उतरवायच्या कशा?

शाळेत झेरॉक्सचे कागद प्लॅस्टिकच्या फायलीत राहिले की त्यांची शाई प्लॅस्टिकला चिकटायची. ते आठवून सुनीतीबाई सावंतवाडीला गेल्या, नकाशाची झेरॉक्स काढून आणली, तांब्याची पाटी चिंचेनं घासून लख्ख केली आणि कोळशाची इस्त्री पेटवली.

"पत्र्याक इस्त्री?" आत्या, म्हणजे अक्का, दारातून म्हणाल्या. "येड लागलां काय गो तुका?"

"गप ऱ्हव गे अक्का."

दाबून इस्त्री फिरवली, पाटी पाण्यात भिजवली, बोटांनी कागद चोळून काढला. काळ्या रेघा तांब्यावर ऐटीत बसल्या होत्या. सुनीती हरखून गेली आणि तिथंच घात झाला. नीट न बघताच तिनं पाटी औषधाच्या तांबूस पाण्यात सोडली. रेघांखालचं तेवढं तांबं राहिलं, बाकीचं विरघळलं. बाहेर काढून पुसते तर कोपऱ्यातली अक्षरं उलटी! आरशात दिसावीत तशी. म्हणजे सगळा नकाशाच उलटा उतरला होता, सुट्या भागांचे पाय आता भलत्याच रेघांवर पडणार. फायलीला चिकटलेली अक्षरंही उलटीच असायची. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती आणि बाईंच्या ध्यानात नाही.

जत्रा दुसऱ्या दिवशी. दुसरी पाटी नाही. सुनीतीला रडू कोसळलं. अप्पा ओसरीवरून बघत होते.

मग डोळे पुसून तिनं पाटी उलटसुलट फिरवून पाहिली. एरवी सुटे भाग कोऱ्या बाजूनं घालतात आणि कथलाचा डाग तांब्याच्या बाजूला देतात. तिनं भागही तांब्याच्याच बाजूला बसवले. उलट्याचं सुलट झालं. दिसायला अगदी गबाळं ध्यान, पण माईकला नुसतं नख लावलं तरी कर्णा खरखरला.

"अप्पा, बोलून बघा."

"माका नको," अप्पा कुजबुजले. "भाईक सांग."

जत्रेत देवळासमोर गाव जमला. भाईकाका माईकपाशी गेले, घसा खाकरला आणि मागे वळून त्यांनी अप्पांचा हात धरला. "दादा, मान तुझो आसा. तू आसताना मी कशाक?"

अप्पा पुढं झाले. "बा देवा म्हाराजा," ते जेमतेम पुटपुटले आणि कर्ण्यातून घुमलेला आवाज ऐकून स्वतःच दचकले. मागे कोण बोललं, म्हणून वळून बघायला लागले. लोक हसले, पण गाऱ्हाण्याला होकार द्यायचा रिवाज चुकला नाही.

"होय म्हाराजा!"

अप्पांना धीर आला. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईकडची पोरं, बोटीवरची पोरं, सगळ्यांची आठवण देवाला करून झाली. प्रत्येक वाक्याला गाव होकार देत होता. मग अप्पा जरा थांबले.

"माझ्या चेडवान एक पाटी केल्यान, म्हाराजा. ती उलटी झाली."

"होय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात ओरडला. सुनीतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती रडली, तरी हटली नाय. माझो गेलेलो आवाज तिना माका परत दिल्यान. तिचां बरां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

लहानपणापासून सुनीती हे दोन शब्द सगळ्यांच्या बरोबरीनं ओरडत आली होती. आज तिनं तोंड उघडलं, तर तिचाच आवाज फुटेना.