ट्रायल बाकी

प्रोबेट, म्हणजे आईच्या मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, हातात पडायला दीड वर्ष गेलं. मृत्युपत्रात आईने घर आम्हा दोघा भावंडांना दिलं आणि निस्तरायचं काम मात्र माझ्या एकटीच्या गळ्यात घातलं. थोरली ना मी! कोर्टाच्या पायऱ्या झिजवून चपलांचे दोन जोड संपले. तेवढ्या काळात धाकट्याने एकदा फोन केला, "झालं का?" म्हणून.

आज चार वाजता घर घेणारे येणार होते. करारावर आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. आज फिसकटलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

आई शिवणकाम करायची. "शिवलेला कपडा गिऱ्हाइकाचा, आपला नाही," हा तिचा कायदा. कुणी न नेलेले सतरा कपडे दांडीवर चिठ्ठ्यांसकट लटकत होते. सोळा मी घरोघर पोचवले. एका बाईला तिचा ब्लाउज बारा वर्षांनी मिळाला. म्हणाली, "आता हा माझ्या दंडात तरी शिरेल का?"

उरला एक कोट. चिठ्ठीवर आईचं अक्षर होतं, 'धाकटा. ट्रायल बाकी.'

अकरा वर्षांपूर्वी तिच्याशी भांडून धाकटा गेला, तो या घरात परत आलाच नव्हता. आज साडेतीनला आला आणि पाहुण्यासारखा दारातच उभा राहिला. मी कोट पुढे केला.

"घाल."

"तेव्हाचं माप असेल, ताई. आता पोट बघ माझं."

"घाल म्हटलं ना!"

कोट अगदी मापात बसला. आतल्या बाजूला उसवलेल्या शिवणींच्या तीन रेघा दिसत होत्या. माझ्या मोबाइलवर आई त्याचे फोटो बघायची आणि तो जाडावला तसा कोट सैल करून ठेवायची. रोज तिच्या उशापायथ्याशी मी, आणि मला पत्ता नाही. मला रागच आला. हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

धाकटा खाली बसून ढसाढसा रडला. "ताई, नको ना विकूया घर."

"बरं. मग उद्यापासून तू राहा इथे. गळकं छप्पर, तुंबलेलं गटार, सगळं तूच बघ."

तो डोळे पुसत उठला. तेवढ्यात बेल वाजली. घेणारे आले, कागद पसरले. धाकट्याने कोट अंगात ठेवूनच सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी वाकले, पण हात पुढे जाईना. त्याने आणखी एकदा 'नको' म्हणावं म्हणून मी थांबले होते. तो खाली मान घालून कोटाची बटणं लावत होता.