अजून गोड घे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. टीव्हीवरच्या कार्टूनमधली माणसं तुमच्या भाषेत बोलतात ना, ती आधी माझ्यासमोर बोलायची. कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा काय माझा थाट होता! "कुजबुजसुद्धा सोडत नाही हा," असं म्हणत आवाज रेकॉर्ड करणारे काका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. मी आपला फुशारून जायचो.

माझ्यासमोर एक ताई उभी राहायची. आवाज असा खणखणीत, की बस्स! पण काचेपलीकडून दिग्दर्शक साहेब लगेच टोकायचे, "अगं, बाई आहे ती. जरा गोड. शेवटी 'ना' लाव." एका मालिकेत दोन जहाजांचे दोन कप्तान होते. वादळ आलं की पुरुष कप्तान गरजायचा, "सुकाणू फिरवा!" आणि ताईच्या कप्तानबाई म्हणायच्या, "मला वाटतं, सुकाणू फिरवायचं का? कुणी रागावणार नाही ना?" जहाज बुडायला आलंय आणि हिला लोकांच्या रागाची पडलीय! मला हसू यायचं. हसू यायचं, मित्रांनो, याचीच आता लाज वाटते. ताई बिचारी पोटासाठी तसं बोलत राहिली. पुढे पुढे तर प्यायला पाणी मागतानाही तिचा तोच सूर लागायचा.

एके दुपारी काचेपलीकडे, साहेबांशेजारी बसलेल्या काकांच्या खुर्चीमागच्या विजेच्या बोर्डातून धूर निघाला. काकांना सर्दी, त्यात कानांवर हेडफोन. साहेबांची नजर पडद्यावर. धूर दिसला तो काचेआड उभ्या असलेल्या ताईला. ती घाबरली आणि तिच्या तोंडून सवयीचंच निघालं, "काका, रागावू नका हं, पण मला वाटतं, तुमच्या मागे काहीतरी जळतंय ना?"

"वा!" साहेब खूश. "कागदावर नाहीये हे, पण झकास! फक्त 'जळतंय' अजून गोड घे."

आणि काय सांगू तुम्हाला, ताईने सवयीने ते पुन्हा म्हटलं. अजून गोड. मीही ते इमानेइतबारे पोचवलं. तेवढ्यात भडका उडाला.

काका वाचले, पण उजव्या हाताची बोटं भाजून कायमची आखडली. "ओरडली का नाहीस गं?" साहेब ताईवर खेकसले. "चुकलंच माझं," ती म्हणाली, तेही हळूच. अरे, तिचं कसलं चुकलं? चांगला खणखणीत आवाज घेऊन आली होती ती. आम्ही सगळ्यांनी मिळून तो दाबला आणि तसाच तुमच्या घराघरांत पाठवला. किती पोरींनी तो उचलला असेल, या विचाराने माझा जीव खालीवर होतो.

काकांचं काम सुटलं. मी आता एका कपाटात धूळ खात पडलोय. मला पुसा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढंच मागतो. घरात, वर्गात एखादी मुलगी "मला वाटतं" असं चाचरत म्हणाली, तर ती कशी बोलली ते राहू द्या. आधी मागे वळून बघा.