सगुणाबाईची डागणी

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला ओळखत नसेल, तर ते बरंच आहे. मी एक जुनी डागणी आहे. वीतभर लोखंडी सळई, टोकाला तुरीच्या दाण्याएवढी गोळी आणि धरायला बाभळीची मूठ. तान्ह्या बाळांच्या पोटावर चटके देण्यासाठी मला घडवलं होतं. ऐकून अंगावर काटा आला ना? मलाही सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

चाकणच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून मला घडवलं. माझी मालकीण सगुणाबाई. बाळाला ताप येऊन धाप लागली, पोट भात्यासारखं वरखाली होऊ लागलं, की आमच्याकडच्या बायका म्हणतात, "डबा झाला." मग सगुणाबाईला बोलावणं यायचं. ती मला चुलीत तापवायची आणि आधी रुईच्या पानावर टेकवून बघायची. पानाला भोक पडलं तर मी जास्त तापले, नुसतं करपलं तर बरोबर. मग बाळाच्या बेंबीभोवती पाच डाग द्यायचे, अशी रीत होती.

बरी झालेली बाळं घेऊन आया घरी यायच्या, नारळ ठेवायच्या, मलाही हळदकुंकू लावायच्या. खरं सांगते, मी फुशारून गेले होते. बाळ किंचाळलं की माझ्या मनात धस्स व्हायचं. पण त्याच्या जिवासाठीच चाललंय ना, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

१९५६ सालच्या हिवाळ्यात सगुणाबाईच्या नातवालाच डबा झाला. गेनू आठ महिन्यांचा होता. आपल्या रक्ताच्या माणसाला आपल्या हाताने डागलं तर गुण येत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून सगुणाबाईने शेजारच्या सोजराबाईला बोलावलं. तिला हे काम सगुणाबाईनेच शिकवलं होतं. सोजराबाईने माझी मूठ धरली आणि सगुणाबाई गेनूचे पाय धरायला बसली. ते काम नेहमी बाळाच्या आईचं नाहीतर आजीचं असे. ती स्वतः त्या जागी कधीच बसली नव्हती.

मी चुलीत लाल होत होते. मला थंड राहता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पान करपलं. पहिला डाग बसला. गेनूने असे पाय झाडले, की ते आजीच्या हातातून सुटायला आले. मग ते एकदम ढिले पडले.

"थांब, सोजरे!" सगुणाबाई ओरडली.

"सगुणाक्का, आजून चार हायेत. अर्धं सोडलं तर गुण न्हाई यायचा."

"थांब म्हनते ना! पोराच्या अंगातलं बळ चाललंय गं. मला हे कधी कळलंच न्हाई."

तिचा मुलगा तात्याबा अंगणात गाडी भरत होता. कांदा चाकणच्या बाजारात न्यायचा होता. "तात्याबा, गोणी उतरव. तळेगावच्या दवाखान्यात जायचं."

गेनूची आई सारजा रडायला लागली. "आत्याबाई, वाटंत काय झालं म्हंजी?"

"हितं बसून काय व्हायचं, ते मला दिसतंय."

निघताना तिने मला फडक्यात गुंडाळून कमरेला खोवलं. तिथे काही जमलं नाही तर, असं तिच्या मनात असावं. सबंध वाटभर ती गेनूच्या नाकाशी बोट धरून बसली होती. बोटाला श्वास लागला की बैल हाकायला सांगायची, लागला नाही की गाडी थांबवायला सांगायची. त्या बाळाला मीच चटका दिला होता, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा डाग पाहिला, पण त्या रागावल्या नाहीत. "न्यूमोनिया आहे," म्हणाल्या आणि पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. हे औषध आता आपल्या पिंपरीतच तयार होतं, हे मला तिथेच कळलं. दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी गेनू आईला प्यायला लागला. सारजाने सासूच्या पायावर डोकं ठेवलं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तुमच्या हातून किती मुलं बरी झाली?"

"लई. आया नारळ घिऊन येत्यात की."

"आणि जी बरी झाली नाहीत, त्यांच्या आया?"

सगुणाबाईने कमरेला खोवलेलं माझं फडकं चाचपलं.

घरी परतल्यावर चार दिवसांनी ती चालत मोशीला गेली. मी कमरेला होतेच. तिथल्या दुर्गाच्या लेकीला आम्ही चार वर्षांपूर्वी डागलं होतं. दुर्गा दारात कांदे निवडत होती.

"दुर्गे, तुझी लेक कशी हाय गं?"

दुर्गा तिच्याकडे बघतच राहिली. "ती तर तिसऱ्याच दिशी गेली, मावशी."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी मनाला लावून घेतलं असतं. तुमी तर चांगलंच करायला आला हुता." असं म्हणून दुर्गाने तिला पाणी आणून दिलं.

सगुणाबाईला ते पाणी पिता आलं नाही. त्या हिवाळ्यात ती आणखी कितीतरी घरी जाऊन आली. जिथे जाईल तिथे ती आधी बाळाची चौकशी करायची, मग तळेगावच्या दवाखान्याची वाट सांगायची.

मित्रांनो, या गोष्टीला आता पाच वर्षं झाली; तेव्हापासून मी गोठ्याच्या आढ्यात पडून आहे. अंगावर गंज चढतो आहे. सोजराबाई दोनदा मला मागायला आली, सगुणाबाईने दिलं नाही. पण सगुणाबाई आता थकली आहे. तिच्यामागे कोणी मला शोधून पुन्हा चुलीत घातलं तर? या काळजीने मला झोप नाही. बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणत असतील, आम्हाला जपा. मी म्हणते, मला गंजू द्या. घरातल्या बाळाला धाप लागली आणि कोणी डागायचं नाव काढलं, तर तुम्ही लहान असलात तरी मध्ये पडा, रडा, हट्ट करा आणि त्याला दवाखान्यात न्यायला लावा.

दुर्गाच्या लेकीचं नाव काय, हे आम्ही डागताना विचारलंही नव्हतं. मोशीला ते कळलं. तिचं नाव अनसूया. ती आज असती, तर तुमच्या वर्गात बसली असती.