लुळा हात कोणता?

चौसष्टाव्या वर्षी माल-सुनने वृद्धसेविकेच्या परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा गावात दोनच माणसं हसली नाहीत. एक शेजारची ग्वी-नाम, कारण तिनेही भरला होता. आणि दुसरा माल-सुनचा नवरा पान-सॉक, कारण तो झोपला होता.

परीक्षेच्या वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं की एकटीने घोकू नका, मिळून अभ्यास करा. म्हणून दुपारची जेवणं उरकली की दोघी गावच्या सभाघरात पुस्तकं उघडून बसायच्या. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. पण अर्धांगवायूच्या रोग्याला कपडे घालण्याचा धडा आला आणि घोडं अडलं. घालणार कोणाला? माल-सुनने नवऱ्याला गळ घातली. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर नुसतं पडून राहायचं आणि उशाशी सुकवलेल्या गोड खाकीफळांची ताटली, म्हटल्यावर त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

नियम सोपा होता: बाही घालताना आधी लुळा हात, काढताना आधी धड हात. माल-सुनला तो दोन दिवसांत जमला. ग्वी-नामचा मात्र रोज घोळ. तिने हात धरला की पान-सॉक विव्हळायचा, ती घाबरून दुसरा धरायची, तरी तो विव्हळायचाच.

परीक्षा झाली आणि निकाल फोनवर आला. माल-सुन पास. ग्वी-नाम एका गुणाने नापास, आणि चुकलेल्या प्रश्नांत एक बाहीचा होता. माल-सुनला धड हसता येईना. ती नवऱ्याला घेऊन समजूत काढायला गेली.

ग्वी-नामने चहा ठेवला नाही. तिने पान-सॉककडे रोखून पाहिलं.

"भावोजी, तुमचा लुळा हात नक्की कोणता होता?"

पान-सॉक छताकडे बघत म्हणाला, "ताटली कुठे ठेवलीय, त्यावर होतं ते, वहिनी."

ताटली डावीकडे असली की तो उजवा हात लुळा करायचा आणि डाव्याने खायचा; उजवीकडे असली की उलट. आणि खाता हात कोणी धरला तरी विव्हळायचा.

"आणि तुला गं कसं कळायचं?" ग्वी-नामने माल-सुनला विचारलं.

"चाळीस वर्षं संसार केलाय, ताई. खाण्याकडे जाईल तो हात धड," माल-सुन पुटपुटली. "मला वाटलं, तुम्हालाही दिसतंय."

चार दिवस ग्वी-नाम सभाघराकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी ती लाल फडकं घेऊन सभाघरात आली, हा लुळा म्हणून पान-सॉकच्या डाव्या मनगटाला ते करकचून बांधलं आणि ताटली स्वतःच्या मांडीवर घेतली. अपराध मोठा होता. महिनाभर तो तसाच, एकही फळ न चाखता, दिवसातून दहादा कपडे बदलून घेत पडून राहिला.

पुढच्या खेपेला ग्वी-नाम पास झाली, तीही माल-सुनपेक्षा सहा गुण जास्त मिळवून. हे तिने भाजीवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. माल-सुनला तर दोनदा.