गोल खांबांची अंडी

माणसं उपकारांचा हिशेब दोन तऱ्हांनी ठेवतात. केलेले उपकार ठळक निळ्या शाईनं, घेतलेले पेन्सिलीनं, म्हणजे पुढंमागं पुसता येतात. चंद्रपूरच्या एका बांधकाम ठेकेदाराकडे नकाशावरून मालाचं मोजमाप काढणारा देवराव मात्र उलट्या खोपडीचा. त्यानं कुणाला काय दिलं ते त्याला आठवत नसे. पण त्याच्या गावच्या, आंबेटोल्याच्या सत्यशीलाबाईंनी त्याच्यासाठी त्याच्या बापाशी भांडण मांडलं, पोराला बिडीची तेंदूपानं तोडायला न घालता चंद्रपूरला ड्राफ्ट्समनच्या कोर्साला घालायला लावलं, हे तो चहाच्या दुसऱ्या घोटाला सांगितल्याशिवाय राहत नसे. ऑफिसातल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं. चहावालाही पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायचा.

म्हणून आंबेटोल्यात अभ्यासिकेसकट विहार बांधायला घेतला आणि स्लॅबच्या मालाचा अंदाज काढून द्या म्हणून निरोप आला, तेव्हा देवरावनं ते काम कुणाला शिवू दिलं नाही.

"काकाजी, मी दुपारपर्यंत काढून देते ना," रिना म्हणाली. रिना ऑफिसातली इंजिनिअर, वयानं त्याच्या धाकट्या मुलीएवढी.

"नाई. हे मी माझ्या हातानं करीन. कम्प्युटरवरच करीन."

यातला 'कम्प्युटरवरच' हा शब्द रिनाला ऐकवण्यासाठी होता. देवरावची हयात स्केलपट्टी आणि रंगीत पेन्सिलींत गेली होती. भिंती लाल, दारं-खिडक्या हिरव्या, स्लॅब पिवळा. जे मोजून झालं त्यावर रंग, जे कोरं ते राहिलेलं. मग ऑफिसात पीडीएफवर खुणा करून मोजायचं सॉफ्टवेअर आलं आणि देवराव महिनाभर त्याच्याकडे सासऱ्यानं नव्या जावयाकडे बघावं तसा बघत राहिला. रिनानं एक दिवस न विचारता त्याच्या कम्प्युटरवर हत्यारांचा एक डबा तयार करून ठेवला. त्यात भिंत मोजायची रेघ लाल, दारं मोजायची टिकली हिरवी, स्लॅबचं क्षेत्रफळ पिवळं. डब्याचं नाव, 'देवरावच्या पेन्सिली'. दुसऱ्या दिवशी देवरावनं घरची लाखोळीची डाळ पिशवीभर आणून तिच्या टेबलावर ठेवली आणि "किडे नाईत" एवढंच सांगितलं. ज्याला कळायचं त्याला कळलं.

रिनाची शिकवण्याची तऱ्हाही गोड नव्हती. "नकाशावर एकास शंभर छापलं असू द्या, काकाजी. कागद लहानमोठा करून पाठवला की ते खोटं होते. आधी नकाशावर लिहिलेलं एखादं माप धरा, त्याच्यावर रेघ ओढा, आन् कम्प्युटरले सांगा, बाबा रे, हे एवढं आहे. मग पुढचं मोजा. आन् एका मापावर भरोसा ठेवू नका, दुसरं धरून तपासा."

"हाव, हाव," देवराव म्हणायचा. शिकणाऱ्यानं दोनदा 'हाव' म्हटलं की शिकवणाऱ्यानं समजावं, अर्धंच पोचलं.

आंबेटोल्याचा नकाशा म्हणजे एक प्रकरणच होतं. तो काढला होता सत्यशीलाबाईंच्या नातवानं, प्रणितनं. समोरून अर्धगोल, वर तिरकस छज्जे, दर्शनी भागात सहा गोल खांब. मग त्याचा लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला आणि गावाला पाठवलेला एकच कागद उरला. गावानं तो जिवापाड जपला. जपला म्हणजे फ्रेम केला, काचेत घातला आणि पायाभरणीच्या दिवशी भंतेजींच्या हस्ते सत्यशीलाबाईंच्या ओसरीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या शेजारी, उंच टांगला. पंचशील झालं आणि सगळ्यांनी ठरवलं, विहार उभा झाल्याशिवाय हा भिंतीवरून उतरणार नाही. पाया गावच्या मिस्त्रीनं, अंकुशनं, रोज त्या फ्रेमखाली मान वर करून आखला, भिंतीही तशाच उभ्या केल्या. स्लॅबच्या मालासाठी मात्र देवरावला पाठवायचा म्हणून खाली उभं राहून मोबाइलनं फोटो काढला.

त्या फोटोत फक्त खालच्या कडेचं एकच माप वाचता येत होतं, चाळीस फूट. बाजूची मापं फ्रेमच्या लाकडी पट्टीखाली गेली होती. देवरावनं फोटोची पीडीएफ केली, चाळीस फुटांवर रेघ ओढली, कम्प्युटरला सांगितलं, आणि मोठ्या प्रेमानं सगळा अर्धगोल पिवळ्यानं भरत गेला. आकडा आला. त्यानं अंकुशला फोनवर सिमेंट, रेती, गिट्टी, लोखंड सांगून टाकलं. ट्रॅक्टर शुक्रवारी माल आणायला मूल गावी निघणार होता. रविवारी श्रमदान. धान निघालेलं, सगळं गाव रिकामं, आणि स्लॅब एका दमात पडायला हवा. अर्ध्यात माल संपला तर तिथं सांधा राहतो, आणि तिथूनच पुढं आयुष्यभर पाणी गळतं, नेमकं खाली पोरं वाचत बसतील त्यांच्या वह्यांवर.

शुक्रवारी सकाळी रिना त्याच्या मागून जाता जाता थांबली.

"काकाजी, ही अंडी कोणी घातली?"

"कोणती अंडी?"

"खांब. नकाशात गोल खांब असतेत. हे तर बघा, कोंबडीनं घालून ठेवल्यावानी."

देवरावनं चष्मा वर केला. खांब खरंच आडवे फुगलेले, उभे दबलेले दिसत होते.

"प्रणितचं डिझाइन असन. आजकालची पोरं काहीबी काढतेत."

"प्रणितले विचारू? का तुम्हीच मोजता?"

देवरावनं एका खांबावर आडवी रेघ ओढली. सव्वा फूट. उभी ओढली. फुटाच्याही आत. गोल खांब आडवा एक आणि उभा एक असूच शकत नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. खालून काढलेल्या फोटोत नकाशा उभ्या दिशेनं चेपला होता. देवरावनं आडवं माप धरलं होतं आणि उभं गृहीत धरलं होतं. पिवळा रंग सुबक होता, आणि स्लॅब कमी.

त्याला एकदम उन्हाळ्यातली तेंदूची फळी आठवली. पानांचे पुडे मोजून घ्यायची ती मोकळी जागा. तिथं मुन्शी होता सत्यशीलाबाईंचा नवरा, पण मोजणी खरी चालायची बाईंची. पुडे ओळींनी मांडायचे, आणि पोरांनी आधी आडवे मोजायचे, मग उभे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बाई 'हाव' म्हणत नसत. देवरावनं एकदा कंटाळून आडवेच मोजले होते. बाईंनी पूर्ण ओळ विस्कटून त्याला पुन्हा मांडायला लावली होती.

त्यानं फोन लावला. "अंकुश, ट्रॅक्टर थांबव."

"काऊन भाऊ? डिझेल भरून उभा आहे."

"उभा राहू दे. मी येतो."

चूक फोनवर दुरुस्त होते, पण बाईंच्या कामातली चूक फोनवर कबूल करता येत नाही, हे देवरावचं शास्त्र. मालकाकडून गाडी मागून घेऊन देवराव आणि रिना निघाले. रिना लॅपटॉप मांडीवर धरून बसली होती. तिनं टोमणा मारला नाही, आणि देवरावला तेच जास्त लागलं.

सत्यशीलाबाई ओसरीत बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. जय भीम झाला, पाणी झालं. देवरावनं सगळं एका दमात सांगितलं. आडवं, उभं, अंडी, काही लपवलं नाही.

बाईंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. "म्हंजे तुनं एकाच बाजूनं मोजलं."

"हाव, बाई."

"फळीवर मी काय केलं असतं?"

"ओळ विस्कटली असती."

"मंग तुले माईत आहे, तर सांगाले काऊन आला?" बाई हसल्या. हसताना त्यांचा एकच दात पुढं येत असे आणि त्यामुळं रागसुद्धा थट्टेसारखा दिसे.

पण खरी अडचण पुढंच होती. रिना म्हणाली, "आजी, नकाशा खाली काढून, पट्टी उघडून, सरळ फोटो घ्यावा लागते. बाजूचं माप पट्टीखाली आहे. भिंती मोजून भागत नाई, स्लॅब भिंतीच्या किती बाहेर काढायचा ते नकाशातच आहे, आन् प्रणितजवळबी दुसरा नकाशा नाई."

"खाली नाई येत तो," बाई म्हणाल्या, तितक्याच शांतपणे. "सगळ्यायनं पंचशील घेऊन ठरवलं. मी एकटी कशी मोडू?"

ट्रॅक्टर सोडून आलेल्या अंकुशनं डोकं खाजवलं. विहार उभा राहायला नकाशा उतरायला हवा, आणि नकाशा उतरायला विहार उभा राहायला हवा. असा पेच तालुक्याच्या कचेरीलाही जमला नसता.

रिनानं फ्रेमच्या पट्टीवरचे खिळे पाहिले. "आजी, भिंतीवरून उतरवायचा नाई. पण भिंतीवरच उघडला तर?"

बाईंनी वर पाहिलं. मग अंकुशकडे. "तुही पक्कड कुठी आहे रे?"

पुढचं दृश्य आंबेटोला कधी विसरणार नाही. दोन बाकं, त्यावर धानाची पोती. अंकुशनं पट्टीचे खिळे एकेक काढले, काच उतरवली. नकाशा भिंतीवर तसाच, आणि तो घसरू नये म्हणून चार बाजूंनी चार माणसांचे तळहात त्यावर टेकलेले. त्यांत एक तळहात देवरावचा, टाचा उचलून, घामाघूम.

"हलू नका हं," रिना पोत्यावर चढून मोबाइल अगदी समोर, सरळ धरत म्हणाली. "काकाजी, तुमचं बोट मापावर आहे."

"कोणतं माप?"

"बाजूचं. एवढ्यासाठी आलो आन् तुम्हीच झाकून ठेवलं."

सगळे हसले, आणि हसताना चारही तळहात हलले, म्हणून फोटो पुन्हा घ्यावा लागला.

मग बाजेवर लॅपटॉप. देवरावनं माऊस स्वतः धरला. आडवं माप धरून सांगितलं, उभं माप धरून सांगितलं. तरी थांबला नाही. एका खांबावर आडवी रेघ, उभी रेघ. दोन्ही सारख्या. खांब पुन्हा खांब झाले होते. मग पिवळा रंग. स्लॅब चांगलाच वाढला. पहिल्या आकड्यावर रविवारी माल संपला असता तेव्हा निम्मं गाव घमेली घेऊन उभंच राहिलं असतं.

"आता दोन्हीकडून जुळलं?" बाईंनी विचारलं.

"जुळलं."

"हाव," बाई म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या.

देवरावनं लॅपटॉप बंद करता करता रिनाला म्हटलं, "मले तुनं सकाळी मागून पाह्यलं नसतं तर..."

"लाखोळीची डाळ संपली घरची," रिना म्हणाली. पुढचा हप्ता कळला म्हणून त्यानं मान हलवली.

रविवारी स्लॅब पडला. सकाळच्या थंडीत सुरू झालेली घमेल्यांची रांग दुपारी जेवायलाही मोडली नाही. बायकांनी पुरुषांना आणि पुरुषांनी मिक्सरवाल्याला यथेच्छ बोलून घेतलं. शेवटचा कोपरा भरला, अंकुशनं फळी ओढून वरचा भाग सपाट केला, आणि खाली थोडं काँक्रीट उरलं. नासाडीसाठी थोडं जास्त धरलेलं असतंच, त्यावर देवरावनं गुपचूप आणखी धरलं होतं. हिशेबी माणूस भीतीपोटीही जास्त धरतो आणि प्रेमापोटीही, त्यात फरक कळत नाही.

उरलेलं फेकायचं कुठं? विहाराच्या दारापाशी जमीन खोलगट होती, बाईंना चढताना तिथं काठी टेकावी लागायची. देवरावनं बाह्या वर केल्या, अंकुशकडून दोन फळ्या घेतल्या आणि तिथं एक बसकी, रुंद पायरी ओतली. कडा त्यानं स्वतःच्या हातानं गुळगुळीत केल्या, मग वर ओलं पोतं घालून ठेवलं.

संध्याकाळी सत्यशीलाबाई आल्या, पोतं उचलून पायरी पाहिली.

"हे नकाशात कुठी आहे?"

"नाई, बाई."

"मंग कोणत्या रंगानं मोजलं?"

"हे मोजलं नाई," देवराव म्हणाला.

बाईंनी पोतं पुन्हा नीट अंथरलं, कोपरे दाबले आणि वाळेपर्यंत इथं कुणी पाय ठेवायचा नाही म्हणून पोरांना ओरडून सांगितलं. मग जुन्या सवयीनं त्यांनी पायरी काठीनं आधी आडवी मापली आणि मग उभी.