सत्तावीस नंबरची नळी

मोगिलीला दवाखान्यात आणलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रिक्षात गुडघे छातीशी घेतलेल्या अवस्थेत. त्याची थोरली बहीण सरोजना वरंगलच्या त्याच दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत एकोणीस वर्षं कामाला होती. निरोप आला तेव्हा तिनं आधी हातातलं काम संपवलं, मग वॉर्डात गेली.

"अक्का, आतून कुणी जाळतंय गं."

"काल ढोसताना नाही जळलं?"

मोगिलीची बायको कोमला पायाशी उभी होती. "वन्सं, ह्या खेपेला खरं आहे. डॉक्टरांना सांगा ना, तुमचं ऐकतील."

डॉक्टरांनी खरंच सरोजनाला विचारलं. स्वादुपिंडाला सूज आहे हे तपासणीत आलं होतं. ती कुठवर जाणार ते त्यातून कळत नव्हतं. आयसीयूत एकच खाट रिकामी होती. "तुमचा भाऊ ना हा? नेहमीच इतका ओरडतो?"

दारू सोडवायला न्यायचं म्हटलं की मोगिली पोट धरून लोळायचा. दोनदा दाराशी आलेली गाडी सरोजनाला परत पाठवावी लागली होती. तो सगळा राग तोंडाशी आला. अख्ख्या वॉर्डासमोर ती म्हणाली, "जन्माचा नाटकी आहे, सर. दोन सलाईन लावा, उतरेल."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. मोगिलीनं तोंड भिंतीकडे केलं. आयसीयूतली खाट दुसऱ्याला मिळाली.

दुपारी डॉ. श्रावंती आली. रक्तातल्या हार्मोनवरून हा आजार किती बिघडणार ते पहिल्याच दिवशी ओळखता येतं का, यावर तिचा थीसिस होता. सही घेऊन तिनं मोगिलीचं रक्त काढलं. नळीवर नाव नाही, नुसता नंबर: सत्तावीस. तो सरोजनानंच लिहिला आणि नळी फ्रीझरात ठेवली. चाळीस जमल्या की एकदम तपासायच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मोगिलीची लघवी बंद झाली, मग श्वास लागला. चौथ्या दिवशी तो गेला.

तेरावं व्हायच्या आतच त्याची आई वीरम्मा सुनेवर घसरली. "दसऱ्याचं मटण हिनं वाढवाढ वाढलं, त्यानंच माझं लेकरू गेलं." बिड्या वळता वळता रोज तेच. सरोजना ऐकायची आणि डबा घेऊन कामाला निघायची.

फेब्रुवारीत चाळीस नळ्या झाल्या. सरोजनानं मशीन लावलं. कागद बाहेर येताच श्रावंतीनं तो ओढून घेतला.

"सरोजनम्मा, हा सत्तावीस बघा! टी-थ्री सगळ्यांत खाली, कॉर्टिसॉल सगळ्यांत वर, आणि हाच दगावलाय. थीसिस उभा राहिला माझा! कोण होता हो हा?"

"पहिल्याच दिवशी लावलं असतं तर?"

"तासाभरात आकडा आला असता. टी-थ्री तर तुम्ही रोजच लावता."

लावतच होती. त्या दिवशीही ओपीडीतल्या बेचाळीस बायकांचं थायरॉईड तिनं ह्याच मशीनवर केलं होतं. तो वाचलाच असता असं नव्हे, तेवढं तिला कळत होतं. पण तो आकडा पाहून खाट कुणी नाकारली नसती.

संध्याकाळी तिनं कोमलाला सगळं सांगितलं. कोमला रडली नाही.

"म्हणजे मी तुमच्या विनवण्या करत होते तेव्हाच ते रक्तात होतं?"

"हो."

"चार महिने मी मटणाचं ऐकतेय. आता हे सासूबाईंना सांगा. तुमच्या तोंडानं."

वीरम्मा ओट्यावर बसली होती. सरोजना तिच्यासमोर बसली. "अम्मा, मटणाचा काही संबंध नाही. मशीननं दाखवलंय, दुखणंच जबर होतं."

"मशीनला काय कळतंय? वाढलं कुणी ते गल्लीनं पाहिलंय."

"पुढचं सांगा, वन्सं," कोमला दारातून म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांना काय म्हणालात ते."

वीरम्मानं मान वर केली. "काय म्हणालीस गं?"

सरोजनानं आईकडे पाहिलं. "काही नाही. नीट बघा म्हटलं."

"ऐकलंस?" वीरम्मा सुनेवर ओरडली. "बहीण झटली भावासाठी. आणि तू?"

सरोजनानं चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत आईचा आवाज तिला ऐकू येत होता.