अबोलीच्या शेजारी अळू

"गेला! हापण गेला!"

गोदानं मरव्याचं रोप चिमटीत धरून वर ओढलं, तर मुळांच्या जागी काळं, बुळबुळीत काहीतरी हाताला लागलं. ती मातीत तशीच उकिडवी बसून राहिली, हातात मेलेलं रोप घेऊन.

"तू बुडवून मारलंस त्याला," मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी असलेली तिची लेक संचिता म्हणाली.

"मी? अगं, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजतेय पोटच्या पोरासारखं!"

"तेच म्हणतेय ना मी."

आंबिवलीच्या चाळीतली त्यांची खोली अगदी टोकाची. मागे मोरीचं पाणी वाहून जातं, त्या कडेला मातीचा एक चिंचोळा पट्टा, आणि त्या पट्ट्यात गोदाची अबोली. वर्षानुवर्षांची, जुनी, तरीही फुलायचा कंटाळा न आलेली. पण एकटी अबोली गोदाच्या डोळ्यांना खुपायची. तिला शेजार हवा होता. आणि शेजार कसा निवडायचा हे गोदाला कुणी शिकवायची गरजच नव्हती! नौपाड्याच्या नाक्यावर तिची फुलांची टोपली, आणि तिची वेणी म्हणजे लांबून ओळखू यावी अशी. केशरी अबोली, मध्ये हिरवागार मरवा, कडेला दवण्याची काडी. "अबोलीला वास नाही, मरव्याला फूल नाही," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "दोघं एकमेकांचं उणं भरून काढतात."

तेव्हा वेणीत जे शोभतं, तेच तिनं मातीत लावलं. दवणा आठवड्यात मान टाकून मोकळा झाला. शेवंतीनं नुसती पानं काढली, कळी म्हणून धरली नाही. उरला होता मरवा.

आणि याच नजरेनं तिनं लेकीचं लग्नही जुळवलं होतं.

शीलाताई तिचं जुनं गिऱ्हाईक. दर शुक्रवारी एक वेणी, घासाघीस नाही. एक दिवस त्यांनीच विषय काढला, आमच्या मुलासाठी, सर्वेशसाठी तुमची संचिता आम्हाला आवडते म्हणून. गोदा हरखून गेली. तो शांत, ही बडबडी. एकमेकांचं उणं भरून काढतील. मांडवात तर जो तो म्हणाला, जोडा काय शोभतोय! गोदाची छाती फुगून आली होती.

आता ती लेक माहेरी येऊन बसली होती, आणि रविवारी शीलाताई आणि सर्वेश तिला न्यायला येणार होते. पाठवायचं की ठेवून घ्यायचं? गोदाचा नवरा, मारुती, कंपनीत पाळीला जाताना एवढंच म्हणाला होता, "तू जुळवलंस, तूच बघ." म्हणजे घोंगडं पुन्हा तिच्याच गळ्यात!

"मला एकदा नीट सांग," गोदानं मरवा बाजूला ठेवला. "सर्वेशराव हात उगारतात?"

"छे गं."

"पितात?"

"सोडापण नाही पीत."

"मग दुखतंय कुठं तुझं? बायका कायकाय सोसतात आणि हिला राजवाडा टोचतोय!"

संचितानं कप पायरीवर ठेवला. खाली बसली. "आई, तिथं सगळे इतके हळू बोलतात ना. मी हसले की सासूबाई उठायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. रागावायच्या नाहीत हां. नुसती खिडकी. मागच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, हल्ली खिडकी उघडीच असते."

गोदाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ही तीच पोरगी, जिच्या हसण्यानं चाळीतली मांजरं पळायची, जिला शेजारीण म्हणायची, "गोदे, तुझा भोंगा आवर गं." आणि खरंच, येऊन इतके दिवस झाले, एकदाही भोंगा वाजला नव्हता. आपल्या लक्षात कसं आलं नाही?

"कुणी छळलं असतं तर सांगता आलं असतं," संचिता म्हणाली. "चांगल्या माणसांचं काय सांगणार?"

गोदा मेलेल्या मरव्याची पानं चुरडत राहिली. वास मात्र अजून तसाच होता.

संचितानं मोबाइल काढला. जरा वेळानं म्हणाली, "हे बघ. मरव्याला कडक ऊन पाहिजे, माती कोरडी पाहिजे. अबोलीला अर्धी सावली आणि ओल. जमणारच नव्हतं."

"वेणीत बरं जमतं!"

"एका दिवसाचा तर प्रश्न. आणि वेणीत मुळं कुठं असतात, आई?"

गोदा तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"ए, मी मरवा नाहीये हां," संचिता पटकन म्हणाली. "असं बघू नकोस."

"गप गं." गोदानं विळा उचलला. मोरीच्या कडेला अळू माजलं होतं. ते कुणी लावलेलं नव्हतं; उपटावं तेवढं दुप्पट यायचं. वैतागून तिनं विळा त्याच्याकडे वळवला.

"अगं, राहू दे ना ते."

"अबोलीच्या शेजारी अळू? शोभा तरी आहे का काही! वेणीत काय फतफत्याची पानं माळू?"

"शोभेचं सोड. फुलं बघ कुठं जास्त आहेत."

गोदानं बघितलं. जिथं तिनं खपून मरवा, दवणा लावला होता, तिथली अबोली काडी काडी झाली होती. आणि अळवाच्या मोठाल्या पानांनी जिची मुळं झाकली होती, जिच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती अबोली खालपासून वरपर्यंत केशरी! गोदाच्या जन्माच्या धंद्यावर त्या अळवानं पाणी फिरवलं होतं.

तिनं विळा खाली ठेवला.

रविवारी शीलाताई आल्या. इस्त्रीची साडी, हातात मिठाईचा पुडा. सर्वेश मागे, नेहमीसारखाच देखणा. चहा झाला, पोहे झाले. उन्हाळ्याचं बोलून झालं. मग शीलाताईंनी घड्याळ पाहिलं. "गोदाबाई, निघावं म्हणते. ओटी भरा आणि निरोप द्या आम्हाला."

गोदानं ताट आणलं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. शीलाताईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, त्यांच्या पदरात ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला. आणि ताट खाली ठेवलं.

शीलाताई थांबल्या.

"आणि संचिताची?"

"तिची नाही भरत, ताई. निघणाऱ्या लेकीची भरतात."

संचितानं मान वर केली. आईनं हे तिलाही सांगितलं नव्हतं.

शीलाताईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "आमच्याकडे काय कमी पडलं तिला?"

"काहीच नाही. देवाशपथ सांगते. तुमचं घर चांगलं, माझी पोरगी चांगली." गोदानं ताट बाजूला सरकवलं. "पाणी मानवलं नाही तिला. जोडा मी लावला, चूक माझी."

"तुमची नजर कधी चुकत नाही, म्हणून तर..." शीलाताईंनी पुढचं गिळलं.

सर्वेश संचिताकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"काय?" ती म्हणाली.

"कपडे... मी आणून देईन म्हटलं."

"निदान आज तरी मोठ्यानं बोल ना रे," संचिता म्हणाली. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं.

ओटी परत करायचा रिवाज नाही. शीलाताईंनी आपल्या हातानं पदराला गाठ मारली आणि उठल्या. गोदा रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. रिक्षात चढताना सर्वेशनं आईला हात पुढे केला. पण त्यांनी तो धरला नाही. दोन्ही हात पदराखाली होते. एका विहिणीनं भरलेली ओटी त्यांनी पोटाशी तशीच घट्ट धरली होती, आणि रिक्षा खड्ड्यातून उसळली तरी एक तांदूळ त्यांनी खाली पडू दिला नाही.